बॉनेटच्या कडेचा करडा डाग

मी रोज ज्या दातांनी जेवतो ते दात त्यांनीच घासूनपुसून दिलेले आहेत. तेव्हा त्यांच्याविषयी मी अगदी तटस्थपणे लिहीन असं कुणी समजू नये. लिहिण्याची मला सवयही नाही. एकोणतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावक टपाल पाहिलं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर क्रमांक घालायचे, एवढंच माझं लिहिणं. त्यांची मुलगी फोनवर म्हणाली, "काका, तुम्ही तिथे होतात, लिहून ठेवा," म्हणून बसलो आहे. दोनदा सुरुवात करून कागद फाडला. हा तिसरा.

आमच्या चार मजली इमारतीत ते पहिल्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्यावर. दंतवैद्यांना कवळ्या बनवून देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. तिथे कुणी साचे भरायचं, कुणी मेणात दात बसवायचं. यांच्याकडे शेवटचं काम, पॉलिशचं. साच्यातून निघालेली कवळी खरखरीत असते, कडांना धारदार. ती आधी जाड कागदाने, मग बारीक कागदाने, मग ओल्या दगडी भुकटीने घासायची आणि शेवटी कापडी चाकावर धरायची. हे काम ते बघून कमी आणि चाचपून जास्त करत. म्हणायचे, "डोळ्यांना फसवता येतं, जिभेला नाही. केसाएवढी कड राहिली तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात."

इमारतीत सगळे त्यांना कवळीवाले म्हणतात, अगदी तोंडावर. मी दादा म्हणतो. ते मला टपाल म्हणतात.

वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांचा आवाज अर्ध्या शहराच्या कानात होता. "नंबर सांगा," एवढंच त्या म्हणत, पण ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं अशी माणसं दुकानात तो आवाज ऐकून मागे वळून बघत. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. डावा हात, डावा पाय आणि तोंडाची डावी बाजू गेली. पाय पुष्कळ सुधारला, हात थोडा, तोंड मात्र तसंच राहिलं. ओठाचा कोपरा खाली ओढलेला, शब्द ओले आणि जड. डोकं पूर्वीइतकंच तल्लख, त्यामुळे आपण कसं बोलतो ते त्यांना नीट ऐकू येत असे. दादांनीच केलेली कवळी आता बसेना, सरकायची, टोचायची. दादा म्हणत, "माप घेऊ दे, एका दिवसाचं काम आहे." वहिनी मान फिरवत. दात डबीत, पाण्यात पडलेले. शेजारणी आल्या की वहिनी आतल्या खोलीत. मुलीचा फोन आला तरी दादांनीच बोलायचं. दवाखाना सोडला तर दाराबाहेर पाऊल नाही.

एक अपवाद होता, तो म्हणजे दादांची गाडी.

गाडी सत्तावीस वर्षांची. घेतली तेव्हा बाटलीसारखी गडद हिरवी होती. दादांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हापासून ती आवारात फाटकाकडे तोंड करून उभी. दर रविवारी ते इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचे, बस. एके संध्याकाळी दवाखान्यातून परतताना वहिनींना अठरा पायऱ्या चढवेनात. टेकायला कुठे जागा नाही, म्हणून दादांनी गाडी उघडून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. वहिनींनी काच वर करून घेतली आणि समोरच्या काचेतून रस्ता बघत बसल्या. अर्धा तास. दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्या स्वतःहून म्हणाल्या, "गाडी."

तेव्हापासून हा रोजचा परिपाठ झाला. पाचला उतरायचं, पावणेसहाला चढायचं. दादा चालकाच्या जागी, सवयीने दोन्ही हात स्टिअरिंगवर. वहिनी शेजारी. समोर फाटक, पलीकडे बसथांबा, बेकरी, शाळेतून परतणारी मुलं. उभ्या गाडीत कुणी डोकावत नाही. आपण कुणालाही बघावं आणि आपल्याला कुणी बघू नये, अशी ती जागा. मी जिन्याच्या खिडकीतून कधीतरी पाहायचो. वहिनी थांब्यावरच्या कुणाबद्दल तरी काही बोलत आणि दोघांचे खांदे हसण्याने हलत. पण त्यांनी दादांना बजावलं होतं, "कुणाला सांगितलंत तर उतरणार नाही." मला माहीत होतं, कारण जिना मीही वापरतो. मी कुणाला बोललो नाही. तसाही मी कुणाला काही बोलत नाही.

मग आवारात नवी फरशी बसवायचं ठरलं आणि फलकावर नोटीस लागली. 'आवारातील वापरात नसलेली व भंगार वाहने या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत हलवावीत, अन्यथा कमिटी ती हलवील.' अशी वाहनं तीनच होती. चाकं नसलेली एक स्कूटर, घर सोडून गेलेल्या एका भाडेकरूची विटांवर उभी व्हॅन, आणि दादांची गाडी.

सेक्रेटरी स्वतः सांगायला आले. माणूस वाईट नाही. बगलेत सदैव फाइल, आणि कुणी दुखावलं जाऊ नये म्हणून प्रत्येक वाक्याआधी खोकतात.

"कवळीवाले, राग मानू नका. पण एकदा गाडीकडे बघा."

"चालू होते ती," दादा म्हणाले.

"इंजिन कोण बघतंय हो? वरून खडू फासल्यासारखी दिसते. पाहुणे विचारतात, हे भंगार कुणाचं. गाडी गाडीसारखी दिसू दे, मग मी कमिटीपुढे तोंड उघडतो."

"तोंड उघडायचं असेल तर माझ्याकडेच यावं लागेल," दादा म्हणाले. सेक्रेटरी हसले. दादाही हसले, पण दार लागल्यावर भिंतीला टेकून उभे राहिले. मी तिथेच होतो.

"सांगून टाका ना त्यांना," मी हळूच म्हटलं. "वहिनी बसतात म्हणून."

"सांगितलं तर ती बसणार नाही. नाही सांगितलं तर गाडी राहणार नाही." मग म्हणाले, "मुलगी म्हणते आमच्याकडे राहायला या. तिचं घर अकराव्या मजल्यावर. आणि खाली उतरलो तरी तिथे बसायला कुणाची गाडी आहे?"

तेवीस दिवस हातात होते.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला पेंटर येऊन बघून गेला. त्याने बॉनेटवर अंगठा घासला, अंगठ्याला हिरवट पांढरी पूड लागली.

"रंग मेला नाही, वरची साय मेली आहे," तो म्हणाला. "हल्लीच्या गाड्यांना वरून पारदर्शक थर असतो. हिला तो नाही. घासाल तो रंगच निघेल. फडकं हिरवं होईल, घाबरू नका. पण कडा सांभाळा, आजोबा. पत्रा वळतो तिथे रंग मुळात पातळ बसतो. कडांना कागदी टेप लावा आणि मगच हात लावा."

"कडा मला बोटांना कळतात," दादा म्हणाले. "चौतीस वर्षं कडाच केल्या."

"कवळीची कड वेगळी."

"कड ती कड."

पेंटर माझ्याकडे वळला. "हट्टी आहेत का हो?"

"दात चांगले करतात," मी म्हणालो.

त्याच दिवशी बाजारातून येताना मी टेपचं एक रीळ विकत घेतलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. दादांना दोनदा दाखवलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "असू द्या." ते माझ्या खिशातच राहिलं.

दुपारी दोन ते चार वहिनी झोपत. तेवढाच वेळ कामाचा. तळमजल्याच्या नळावरून पाणी आणायचं काम माझं, दोन बादल्या, मधे एकदा टेकून. आधी साबणाने धुणं. मग रबिंग कंपाउंड. ते चपट्या गोल डब्यात मिळतं, दाट, रॉकेलसारख्या वासाचं. जुन्या बनियनच्या बोळ्यावर थोडं घ्यायचं आणि वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा तुकडा ठरवून तेवढाच घासायचा. पुसायचा. परत घासायचा. मग पॉलिश, मग मेण. असा एक तुकडा झाला की त्यात आभाळ दिसायचं आणि शेजारचा तुकडा पूर्वीपेक्षा जास्तच मेलेला वाटायचा. सावलीकडचा एक दरवाजा तीन दिवसांत झाला. उन्हाकडच्याला पाच लागले. टपाच्या वेळी दादा स्टुलावर उभे आणि मी स्टूल धरून. तिथे खरंतर माझेच गुडघे थरथरत होते, त्यामुळे स्टूल कोण कुणासाठी धरतंय ते सांगता आलं नसतं.

फडकी खरोखर हिरवी व्हायची. पिळली की हिरवं पाणी गटाराकडे जायचं. पहिल्या दिवशी दादा ते पाणी बघत उभे राहिले. "टपाल, एवढी वर्षं हा रंग टिकवला आणि आता मीच धुऊन घालवतोय." संध्याकाळी वहिनींनी त्यांची नखं बघितली. मुळापर्यंत हिरवी. "गाडी संपतेय," त्या म्हणाल्या. "वरची वरची," दादा म्हणाले.

आता एक गोष्ट लिहू की नको असं वाटतंय. दुसरा आठवडा संपता संपता मी थकलो होतो. सकाळी उठताना खांदा वर होत नसे. बादली उचलताना मनात यायचं, जाऊ दे ना ती गाडी. ओढून नेऊ देत. दोन वाजले की मी जिन्यात कानोसा घ्यायचो. खालचं दार वाजलं नाही तर बरं, असं वाटायचं. ते रोज वाजायचं. दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. सकाळी वहिनींची अंघोळ, स्वयंपाक, औषधं, भरवणं, हे सगळं करून ते खाली यायचे, आणि पहिली दहा मिनिटं उलट्या बादलीवर नुसते बसायचे. मग गुडघ्यावर हात टेकून उठताना म्हणायचे, "चला, पेशंट वाट बघतोय."

बॉनेट आणि डिकी शेवटी ठेवली होती; बॉनेट सगळ्यांत वाईट, म्हणून आधी ते घेतलं. दिवसभराचं ऊन त्याच्यावर. रविवारला तीन दिवस उरले होते. गुरुवारी नुसत्या कंपाउंडने ते हलेना, तेव्हा दादांनी बारीक पॉलिश पेपर काढला, पाण्यात भिजवून घासतात तो. कवळीचीच रीत. मधला भाग नीट झाला. मग ते हेडलाइटच्या वरच्या कडेकडे सरकले, पत्रा जिथे खाली वळतो तिथे. तसंही त्यांना कडेचं नीट दिसत नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. एक हात घासतोय, दुसऱ्या हाताची बोटं मागोमाग चाचपत जाताहेत. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. मी पाणी आणायला गेलो.

परत आलो तर बॉनेटच्या कडेला तळहाताएवढा करडा डाग. हिरव्याच्या मधोमध, राखेच्या रंगाचा. रंग संपून खालचं अस्तर उघडं पडलं होतं. दादा अजून घासतच होते. मी बादली घेऊन तसाच उभा. माझ्या तोंडून लवकर शब्द फुटत नाहीत.

"दादा, थांबा."

"झालंच."

"दादा, रंग गेला."

ते थांबले. चेहरा पत्र्याजवळ नेला, मान इकडून तिकडून वळवून बघितलं. मग परत त्यावरून बोट फिरवलं.

"किती गुळगुळीत झालंय बघा," ते म्हणाले. मग बादलीवर बसले.

बसल्या बसल्या म्हणाले, "कवळी कितीही घासा टपाल, आतून गुलाबीच असते. पातळ झाली तरी रंग बदलत नाही. गुळगुळीत झाली की संपलं काम." त्यांनी हाताकडे बघितलं. "बोटांना एवढंच माहीत."

टेपचं रीळ माझ्या खिशात होतं. मी ते दोनदा दाखवलं होतं. तिसऱ्यांदा दाखवलं असतं, थोडा आवाज चढवला असता, स्वतःच चिकटवून टाकलं असतं, तर कदाचित. दादा मला त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. त्यामुळे ते जास्तच लागतं.

शुक्रवारी सकाळी पेंटरने पाहिलं आणि नाकावरून हात फिरवला. "एवढ्याला रंग मारला तर ठिगळ दिसेल. जुन्याला नवा जुळत नाही. अख्खं बॉनेट काढून रंगवायला लागेल. पाच दिवस." टेपचं तो काही बोलला नाही. चांगला माणूस.

त्या दिवशी पाच वाजता दादांना वहिनींना एकट्याने उतरवणं जमेना. हात उचलत नव्हते. त्यांनी मला हाक मारली. मी वहिनींची दुसरी बाजू धरली, दोघांनी मिळून त्यांना गाडीपर्यंत आणलं आणि दादा म्हणाले, "बसा मागे." मी मागच्या सीटवर बसलो, गुडघे जुळवून, दवाखान्यात बसतात तसा.

तिघंही समोर बघत होतो. थांब्यावर एक बाई पिशवीत काहीतरी शोधत होती.

"अगं," दादा म्हणाले, "बॉनेट बिघडवलं मी."

वहिनींनी मान हलवली. त्यांना समोर दिसतच होतं.

"परवा ते येतील. हे बघून ठेवणार नाहीत. सोमवारपासून..." ते थांबले. "सांगू का त्यांना? तू इथे बसतेस म्हणून? फक्त सेक्रेटरीला."

"नाही."

"बरं."

वहिनींनी उजव्या हाताने त्यांचा हात स्टिअरिंगवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. उलटा केला, सुलटा केला. बोटांची टोकं फुटलेली, भेगांत हिरवं बसलेलं. त्या एकेक बोट बघत होत्या. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

पावणेसहाला आम्ही त्यांना वर नेलं. दारात पोचल्यावर त्या थांबल्या.

"माझे दात द्या."

"आत्ता?" दादा म्हणाले. "पण ते बसत नाहीत गं."

"करा." मग जरा दम घेऊन, "उद्या. माप घ्या."

शनिवारी दादा गाडीकडे फिरकलेच नाहीत. सकाळी दहा वाजता मला बोलावलं, दिवा धरायला. कपाटाच्या वरच्या खणातून त्यांनी एक लाकडी पेटी काढली. चिमटे, कोरण्या, पावडरची बाटली, द्रवाची बाटली, हाताएवढं एक छोटं यंत्र आणि त्याची कापडी चाकं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. पावडर आणि द्रव कालवून त्यांनी कवळीच्या आतून लावलं, वहिनींना तोंड उघडायला सांगितलं आणि ती अलगद बसवली. "दाबून धर. गिळू नको. हं. हळूहळू." घट्ट झाल्यावर काढली, जास्तीची कड कापली, घासली, पाण्यात बुडवली, परत बसवली.

"टोचतं," वहिनी म्हणाल्या.

"कुठे?"

वहिनींनी जिभेने दाखवलं. दादांनी बोटाने चाचपलं, काढली, घासली, बसवली.

"अजून?"

"इथे."

असं सात वेळा. मी मोजलं, कारण दिवा धरून हात भरून आला होता. तीन आठवडे गाडीवर झगडणारे तेच हात इथे जराही घाई करत नव्हते. गुलाबी पूड टेबलावर साचत होती. आठव्या वेळी दादांनी विचारलं, "कुठे?" वहिनींनी तोंड मिटून जीभ सगळीकडे फिरवली. मग म्हणाल्या, "नंबर सांगा."

शब्द जडच होते. डावीकडून थोडी हवा निसटत होती. पण ते आता आपापल्या जागी पडत होते. दादांनी यंत्र बंद केलं आणि पेटी आवरायला घेतली. माझ्याकडे पाठ करून आवरत होते, आणि नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

रविवारी दहाला कमिटी यायची होती. मी पावणेदहालाच खाली गेलो, तर गाडीत दोघं आधीच बसलेली. दादांनी त्यांना एकट्याने कसं उतरवलं कोण जाणे. वहिनींचे केस नीट विंचरलेले, अंगावर निळा स्वेटर. आणि त्यांच्या बाजूची काच पूर्ण खाली होती. इतक्या महिन्यांत ती खाली गेलेली मी पाहिली नव्हती.

कमिटीची चार माणसं आली. स्कूटर बघितली, व्हॅन बघितली, फाइलमध्ये लिहिलं. मग मागच्या बाजूने गाडीकडे आली. सेक्रेटरींनी दरवाजावरून हात फिरवला, त्यात स्वतःचा चेहरा बघितला आणि भांग सारखा केला. "अरे वा! कवळीवाल्यांनी कमाल केली." डिकी तेवढी राहिली होती, ती त्यांच्या लक्षात आली नाही. चालत चालत पुढे आले आणि बॉनेटपाशी थांबले.

"हे काय झालं?"

दादा दार उघडून उतरू लागले. वहिनींनी उजव्या हाताने त्यांची बाही धरली. तेव्हा कुठे सेक्रेटरींनी आत पाहिलं.

"वहिनी!" ते इतके दचकले की खोकायचं विसरले. "तुम्ही? म्हणजे, बऱ्या आहात ना?"

"बरी."

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. बसलेय." वहिनी थांबल्या. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. त्यांनी रुमाल घेतला, पुसली, सावकाश घडी घातली. चारही माणसं तोपर्यंत उभी. "रोज बसते. पाच ते पावणेसहा. नोटिशीत काय लिहिलंय? वापरात नसलेली."

"हो, म्हणजे..."

"ही वापरात आहे."

सेक्रेटरींनी फाइल उघडली, मिटली. कमिटीतले दुसरे एक गृहस्थ, चौथ्या मजल्यावरचे, म्हणाले, "तसं ठीक आहे वहिनी, पण हा पुढचा डाग. अगदी फाटकासमोर दिसतो."

"डाग ह्यांनी पाडलाय," वहिनी म्हणाल्या आणि दादांकडे मान केली. "हलवायचं तर ह्यांना हलवा."

आधी कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग चौथ्या मजल्यावरचे गृहस्थच हसले, आणि मग सगळे. दादा हसले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून ते समोर बघत होते.

सेक्रेटरींनी लिहून घेतलं. "फरशीच्या वेळी दोन दिवस ढकलावी लागेल हं. आणि सहा महिन्यांनी परत बघू." मग जरा वाकून म्हणाले, "वहिनी, काही लागलं तर सांगत जा."

"सांगते."

गाडी राहिली. पण जे वाचवायचं होतं ते सगळंच वाचलं असंही मला म्हणता येत नाही. त्याच संध्याकाळी पाच वाजता तळमजल्यावरच्या बाई गाडीपाशी आल्या, मग आणखी दोघी. कशा आहात, काय खाता, व्यायाम करता का. पोरं काचेला नाक लावून बघून गेली. वहिनींनी दोन-तीन उत्तरं दिली, मग गप्प झाल्या, आणि त्या दिवशी साडेपाचलाच वर गेल्या. आता काही दिवस त्या उतरतात, काही दिवस नाही. उतरल्या की काच अर्धी वर असते.

सोमवारी मी ठरवलं होतं की दुपारी झोपायचं. तीन आठवड्यांची झोप बाकी होती. आडवा झालो, आणि दोनच्या सुमाराला खालचं दार वाजलं. मग बादली घासत नेल्याचा आवाज. मी छताकडे बघत पडून राहिलो. मग उठलो.

दादा डिकीपाशी उलट्या बादलीवर बसले होते. शेजारी कंपाउंडचा डबा, बनियनचा बोळा.

"आता कशाला दादा? राहू दिली ना त्यांनी."

"अर्धी कवळी पॉलिश करून कुणी देतं का?" ते म्हणाले. आवाजात जोर नव्हता. गुडघ्यावर हात टेकून उठले, डिकीच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"टेप द्या."

मी खिशातून रीळ काढून दिलं. त्याचं टोक सापडायला दोघांनाही बराच वेळ लागला.